ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर फोटो प्रिंटरचे रंग बिघडले, तर दुरुस्ती कोठून सुरू करावी

हळदीच्या फोटोत नवरीचा चेहरा पिवळा दिसला तर कोणी हरकत घेत नाही. पण तो तांबडा-गुलाबी दिसला की घरातील मोठी माणसे प्रिंट दारापर्यंत उजेडात नेतात आणि मग स्टुडिओवाल्याकडे पाहतात. नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या लहानशा स्टुडिओत गेल्या लग्नसराईत नेमके हेच घडले. “भाऊ, पोरीले उनात बसवली होती काय?” असे नवरीच्या मामांनी विचारले आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण प्रिंटर तोच होता, शाई तीच होती, कागदाचे पाकीटही आधीच उघडलेलेच होते. बदलली होती ती फक्त संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिपची सोय माझ्या जुन्या संगणकात नव्हती, म्हणून त्याच यंत्रावर मी उबंटू ही लिनक्स प्रकारातील मोफत सिस्टिम बसवली होती.

दोष शोधण्यात तीन दिवस आणि कागदाची जवळजवळ दोन पाकिटे गेली. त्यातील निम्मा कागद मी केवळ अंदाजाने सेटिंग बदलत राहिल्यामुळे वाया गेला. त्यामुळे पुढे दिलेला क्रम कंटाळवाणा वाटला तरी तो मोडू नये, अशी विनंती आहे.

मूळ गोष्ट एवढीच आहे. फोटोच्या फाइलमधील प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा व निळा यांचे तीन आकडे असतात आणि त्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे फाइलला जोडलेले प्रोफाइल सांगते. प्रिंट काढताना हे आकडे त्या विशिष्ट प्रिंटर, शाई व कागदाला समजतील अशा आकड्यांत बदलावे लागतात आणि त्यासाठी प्रिंटर-कागदाचेही एक प्रोफाइल असते. हे रूपांतर फोटोचा प्रोग्राम करू शकतो, ऑपरेटिंग सिस्टिम करू शकते आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रामही करू शकतो. मात्र ते एकदाच झाले पाहिजे. एकत्र कुटुंबात वरणात मीठ कोणी घालायचे हे ठरलेले नसले की वरण एक तर खारट होते, नाही तर अळणी राहते. तसेच येथे होते. जुन्या सिस्टिमवर कधी काळी, बहुधा नकळत, ही वाटणी जुळून आलेली असते. नवी सिस्टिम आली की ती मोडते. प्रोफाइलचा साचा स्वतः सगळीकडे एकच आहे, कारण १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम) या संस्थेने तो सर्व सिस्टिमना चालावा म्हणूनच ठरवला. म्हणजे फाइल परकी झालेली नसते; तिचा मार्ग बदललेला असतो.

जुनी सिस्टिम अजून पुसली नसेल तर

तिच्यावरून एक प्रिंट काढून ठेवावी. ड्रायव्हरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा: कागदाचा प्रकार, दर्जा, रंगाची सेटिंग, जलद छपाईची खूण, सगळे. मग प्रोफाइलच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. विंडोजमध्ये त्या सी ड्राइव्हवरील विंडोज, त्यातील सिस्टिम३२, मग स्पूल, ड्रायव्हर्स आणि कलर या फोल्डरमध्ये असतात. मॅकवर लायब्ररीतील कलरसिंक फोल्डरमध्ये प्रोफाइल्स नावाचे फोल्डर असते, आणि अशी लायब्ररी संपूर्ण संगणकासाठी एक व प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी असते, म्हणून दोन्ही पाहावीत. फाइलच्या नावाच्या शेवटी आयसीसी किंवा आयसीएम असते.

जुनी सिस्टिम आधीच गेली असेल तर कपाट उघडावे. पूर्वी समाधानकारक आलेली एखादी प्रिंट आणि तिची मूळ फाइल, अशी जोडी मिळाली की काम भागते. ही प्रिंट हाताशी नसेल तर आपण आठवणीशी तुलना करत बसतो, आणि रंगाच्या बाबतीत आठवण फार फसवी असते.

आधी यंत्राची शंका फेडावी

सिस्टिम बदलण्याच्या गडबडीत प्रिंटर आठवडाभर बंद राहिलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, बंद प्रिंटरच्या नोझलमधील शाई लवकर सुकते. म्हणून सर्वांत आधी नोझल चेक, म्हणजे प्रत्येक शाईच्या रेघा छापणारी प्रिंटरची स्वतःची चाचणी, काढावा. त्यातील एकही रेघ तुटलेली असेल तर रंगाचा पुढील कोणताही निष्कर्ष निरर्थक आहे. फिकट निळसर किंवा फिकट मॅजेंटा (किरमिजी-गुलाबी) शाईचे नोझल बंद असले तर प्रिंट बिघडलेल्या प्रोफाइलसारखीच दिसते. मी स्वतः एकदा यात फसलो आहे. हेड क्लिनिंग एकदा, फार तर दोनदा करावे. तरीही रेघा आल्या नाहीत तर प्रिंटर काही तास तसाच ठेवून पुन्हा नोझल चेक काढावा.

कूलरचाही विचार करावा. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर खोलीत थेट हवा सोडतो आणि बाहेर रखरखीत कोरडे असताना त्या खोलीत मात्र दमटपणा असतो. उघड्या पाकिटातील ग्लॉसी कागद ती ओल शोषतो, कडा वाकतात, शाई सुकायला वेळ लागतो. कागद पाकिटातच बंद ठेवावा आणि प्रिंट बाहेर आल्याबरोबर तिच्यावर मत देऊ नये. किमान तासभर, आणि शेवटचा निर्णय घ्यायचा असेल तर एक दिवस थांबावे.

चाचणीचा फोटो

ग्राहकाचा फोटो चाचणीला वापरू नये. त्याचा मूळ रंग काय होता हे आपल्याला माहीत नसते. एका पानावर चार-पाच गोष्टी मांडून स्वतःची चाचणी फाइल करावी. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करड्या रंगाची पट्टी सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यातील प्रत्येक ठिपक्याचे तिन्ही आकडे समान असतात आणि थोडीशीही झाक तिच्यावर लगेच उघडी पडते. माझ्या फाइलमध्ये या पट्टीखाली ढगाळ दिवशी टिपलेला दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पांढरा घुमट आहे, सावळ्या व गोऱ्या त्वचेचे दोन चेहरे आहेत, सोललेल्या संत्र्याची फोड आहे, ताडोबातील सुकलेल्या सागाच्या पानांतून डोकावणारा वाघ आहे, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीतील निळे झेंडे आहेत. निळा मुद्दाम घेतला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ही फाइल एसआरजीबी प्रोफाइल जोडून टिफ स्वरूपात ठेवावी आणि तिच्यात पुन्हा कधीही बदल करू नये. एसआरजीबी हे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट व एचपी यांनी मांडलेले सर्वांत सामान्य रंगक्षेत्र असल्याने कोणताही प्रोग्राम त्याचा अर्थ चुकीचा लावण्याची शक्यता कमी असते. ग्राहकांच्या फाइलींचे तसे नसते. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ मध्ये असतात, काही कॅमेऱ्यांवर अॅडोबी आरजीबी निवडलेले असते (ही दोन्ही एसआरजीबीहून विस्तृत रंगक्षेत्रे), आणि फाइल हातोहात पाठवताना जोडलेले प्रोफाइल कधी कधी गळून जाते. अशी फाइल नव्या सिस्टिमवरील प्रोग्रामने एसआरजीबी समजून उघडली की रंग फिक्के पडतात आणि आपण विनाकारण प्रिंटरला दोष देतो. म्हणून फक्त एखाद-दुसऱ्याच फोटोचे रंग बिघडत असतील आणि चाचणी फाइल नीट येत असेल, तर दोष त्या फाइलमध्ये शोधावा.

चार प्रिंटची चाचणी

पहिल्या दोन दिवसांत मी जे करायला हवे होते आणि केले नाही, ते हे. चार बाय सहा इंचाचे चार कागद घ्यावेत आणि चाचणी फाइल चार प्रकारे छापावी. पहिल्या प्रिंटमध्ये प्रोग्रामला प्रिंटरचे प्रोफाइल द्यावे आणि ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद करावी. दुसऱ्या प्रिंटमध्ये उलट करावे: रंग सांभाळण्याचे काम प्रिंटरवर सोपवावे आणि ड्रायव्हरची दुरुस्ती चालू ठेवावी. तिसऱ्यात दोन्ही चालू. चौथ्यात दोन्ही बंद. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलने सेटिंग लिहावे; बॉलपेनने लिहू नये, त्याचा दाब पुढे उमटतो.

तिसरी प्रिंट खारट असते. बहुतेक इंकजेट प्रिंटरवर तिच्यात मॅजेंटाची झाक चढते, त्वचा भाजल्यासारखी दिसते, वाघ केशरी सोडून लालसर होतो. चौथी अळणी असते: रंग बोथट, सावल्या जड आणि करड्या पट्टीवर भलतीच झाक. प्रत्येक प्रिंटरचा खारटपणा व अळणीपणा थोडा वेगळा असतो, म्हणूनच दुसऱ्याचे वर्णन वाचून ठरवण्यापेक्षा स्वतःच्या यंत्राचे हे दोन दोष एकदा मुद्दाम छापून पाहावेत. मग तक्रारीची प्रिंट या चौघींशेजारी ठेवावी. ती ज्या बहिणीसारखी दिसते, त्या बहिणीचा दोष तिच्यात आहे.

माझी नवरी तिसऱ्या प्रिंटची सख्खी बहीण निघाली. गोंधळात टाकणारी बाब अशी, की पहिली प्रिंटसुद्धा, जी बरोबर यायला हवी होती, तिच्यासारखीच लालसर आली. म्हणजे प्रोग्राम एकदा रूपांतर करत होता, ड्रायव्हरची दुरुस्ती मी बंद केली होती, आणि तरीही कोणीतरी तिसरा वरणात मीठ घालत होता. पहिली व तिसरी प्रिंट एकसारखी आली तर असा लपलेला तिसरा हात आहे, असे समजावे.

नव्या सिस्टिमने कोणता ड्रायव्हर बसवला आहे, ते पाहावे

हल्ली प्रिंटर जोडला की नवी सिस्टिम काही न विचारता सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते आणि प्रिंट निघू लागते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. मॅकवर हा ड्रायव्हर एअरप्रिंट असतो, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर, लिनक्सवर ड्रायव्हरलेस म्हणवणारी रांग (लिनक्समध्ये जोडलेल्या प्रिंटरच्या नोंदीला रांग म्हणतात). पत्रे आणि बिले छापायला हे उत्तम आहेत. फोटोसाठी मात्र त्यांत कागदाचे पुरेसे प्रकार नसतात आणि रंगदुरुस्ती पूर्ण बंद करण्याचे बटण बहुधा नसतेच. ते बटण नसेल तर बाहेरचे प्रोफाइल वापरण्यात अर्थ नाही.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील प्रिंटर्सच्या यादीत आपल्या प्रिंटरच्या नावापुढे प्रकार म्हणून एअरप्रिंट लिहिलेले आढळले, तर तो प्रिंटर काढून टाकावा, कंपनीचा ड्रायव्हर बसवावा आणि प्रिंटर पुन्हा जोडताना खालच्या यादीतून त्या ड्रायव्हरचे नाव स्वतः निवडावे. न निवडल्यास मॅक पुन्हा एअरप्रिंटच लावतो. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्ड पानावर ड्रायव्हरचे नाव दिसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोटेक्टेड प्रिंट मोड नावाची सोय आली आहे. ती चालू केली तर कंपनीचे ड्रायव्हर चालतच नाहीत, म्हणून फोटो छापणाऱ्याने ती बंद असल्याची खात्री करावी. लिनक्सवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, त्यापुढे कोलन (:) व ६३१ असा पत्ता टाकला की कप्स या छपाई सांभाळणाऱ्या सेवेचे पान उघडते आणि तेथे प्रत्येक रांगेचा ड्रायव्हर लिहिलेला असतो.

विंडोज आणि मॅक

विंडोजवर दोन जागा सांभाळल्या की बहुतेक काम होते. ड्रायव्हरमध्ये एप्सनच्या प्रिंटरला कलर करेक्शनखाली कस्टम, मग अॅडव्हान्स्ड, आणि तेथे नो कलर अॅडजस्टमेंट निवडावे लागते. कॅननमध्ये कलर इंटेन्सिटी मॅन्युअल करून मॅचिंगखाली नन निवडावे लागते. मॉडेलनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात. दुसरी जागा म्हणजे फोटोचा प्रोग्राम: फोटोशॉपमध्ये रंगाची जबाबदारी फोटोशॉपकडे द्यावी आणि कागदाचे प्रोफाइल निवडावे. नव्या संगणकावर प्रोफाइल यादीत दिसत नसेल तर फाइलवर उजवे बटण दाबून इन्स्टॉल प्रोफाइल म्हणावे आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावे.

मॅकवर काम थोडे सोपे आहे, कारण प्रोग्रामने स्वतः रूपांतर करायचे ठरवले की छपाईच्या खिडकीतील कलर मॅचिंगचा भाग आपोआप करडा होतो आणि हात लावता येत नाही. पुष्कळ जण याला बिघाड समजतात. ती उलट चांगली खूण आहे. तो भाग उघडा असेल आणि त्यात कलरसिंक किंवा कंपनीची रंगसेटिंग चालू असेल, तर प्रोग्राम रूपांतर करत आहे की नाही, हे पुन्हा तपासावे. मॅकची आवृत्ती वाढवल्यावर प्रिंटर विचित्र वागू लागला, तर प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केल्यास संपूर्ण प्रिंटिंग सिस्टिम रीसेट करण्याचा पर्याय मिळतो. त्याने सगळे प्रिंटर पुसले जातात, म्हणून तो शेवटी वापरावा.

लिनक्सवर लपलेला तिसरा हात

येथे थोडे थांबतो, कारण माझी गाडी येथेच रुतली होती आणि विंडोज १० सोडून इकडे येणाऱ्यांची बहुधा येथेच रुतेल.

लिनक्सवर प्रिंटची फाइल कप्समधून जाते आणि फोटोच्या जुन्या-नव्या अनेक प्रिंटरना गुटेनप्रिंट हा ड्रायव्हर चालतो. त्यात कागदाचा प्रकार व दर्जा यांबरोबर कलर करेक्शन असा पर्याय असतो. डीफॉल्ट सोडले तर गुटेनप्रिंट स्वतःच्या समजुतीने रंग सुधारतो. अनकरेक्टेड निवडले तर तो हात आखडता घेतो. मी ते निवडले होते. डार्कटेबल या फोटोच्या प्रोग्रामच्या प्रिंट विभागात कागदाचे प्रोफाइलही दिले होते. पण त्याच्या आठवडाभर आधी, सिस्टिम नवी असताना, मी मोठ्या उत्साहाने सेटिंग्जमधील कलर नावाचे पान उघडून तेथे दिसलेल्या प्रिंटरला हेच प्रोफाइल जोडून ठेवले होते आणि विसरून गेलो होतो. ते पान कलरडी नावाच्या सेवेचे आहे. तेथे प्रिंटरला प्रोफाइल जोडले की कप्समधील फिल्टर छपाईच्या वाटेवर रूपांतर करतात, आणि डार्कटेबलने ते आधीच केले आहे याचा त्यांना पत्ता नसतो. तेथील प्रोफाइल काढून टाकताच चेहऱ्याची लाली उतरली. दोष सर्वस्वी माझाच होता.

आणखी दोन बारीक गोष्टी. गिम्प या फोटोच्या प्रोग्राममधून छापायचे असेल तर इमेज मेन्यूतील कलर मॅनेजमेंटमधून फोटो आधी कागदाच्या प्रोफाइलमध्ये रूपांतरित करून त्याची वेगळी प्रत ठेवता येते आणि मग ती ड्रायव्हरची दुरुस्ती बंद ठेवून छापता येते. मात्र ही प्रत चुकूनही ग्राहकाला देऊ नये किंवा मूळ फाइलवर साठवू नये. दुसरे म्हणजे, स्नॅप प्रकारात (उबंटूवर प्रोग्राम बसवण्याची एक पद्धत) बसवलेल्या प्रोग्रामना होम फोल्डरमधील लपलेली फोल्डरे सहसा वाचता येत नाहीत आणि वापरकर्त्याची प्रोफाइले नेमकी तेथेच ठेवली जातात. प्रोफाइल यादीत येत नसेल तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करण्यापेक्षा फाइल साध्या, दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून पाहावी.

प्रोफाइल बरोबर जागी आहे, पण ते या ड्रायव्हरचे आहे का

लाली उतरली, तरी माझ्या करड्या पट्टीचा गडद भाग हिरवट राहिला आणि नवरीचे काळे केस शेवाळल्यासारखे दिसत होते. दुहेरी रूपांतराचा मोठा दोष गेल्यावर त्याच्याखाली झाकलेला दुसरा दोष वर आला होता.

प्रोफाइल हे फक्त प्रिंटरचे नसते. ते प्रिंटर, शाई, कागद, ड्रायव्हर, त्यातील कागदाचा प्रकार आणि दर्जा या सर्वांचे मिळून असते. कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरला ठरावीक आकड्यांचा एखादा करडा रंग छापायला सांगितला तर तो फिकट व गडद शाया एका प्रमाणात मिसळतो; गुटेनप्रिंट त्याच आकड्यांसाठी वेगळे प्रमाण वापरतो. त्यामुळे विंडोजवरून आणलेले प्रोफाइल गुटेनप्रिंटला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालण्यासारखे आहे: दिसते, पण डोके दुखते. विंडोजवरून मॅकवर जाताना, दोन्हीकडे कंपनीचाच ड्रायव्हर आणि कागदाचे तेच सेटिंग असेल, तर कंपनीचे प्रोफाइल सहसा चालून जाते; तरीही करडी पट्टी छापून खात्री करावी.

शाई व कागदाबाबतही हेच. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) दुकानांत मिळणारा बिनछापाचा ग्लॉसी कागद आणि बाटलीतील दुसऱ्या कंपनीची शाई वापरणारे आपण पुष्कळ जण आहोत आणि त्यात कमीपणा नाही, पण मग प्रिंटरबरोबर आलेल्या प्रोफाइलकडून अचूकतेची अपेक्षा ठेवता येत नाही.

उपाय एकच: नवे प्रोफाइल तयार करणे. आर्गिल सीएमएस हा मोफत प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. मोजणीसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र लागतो. तो महाग असतो, वर्षातून दोनदाच लागतो, म्हणून तीन-चार स्टुडिओंनी मिळून घेणे किंवा ओळखीतून दोन दिवसांसाठी मागून आणणे शहाणपणाचे. मी मागून आणला. आर्गिल आधी रंगांच्या चौकटींचा तक्ता तयार करतो. तो तक्ता कोणतेही रूपांतर न होता, एकदाही मीठ न घालता छापला गेला पाहिजे. फोटोशॉपने सीएस५ पासून रंगव्यवस्थापन पूर्ण बंद करून छापण्याचा पर्याय काढून टाकला, म्हणून तक्ता तेथून छापण्याचा प्रयत्न करू नये. मॅकवर कलरसिंक युटिलिटीच्या छपाईत कलर टार्गेट म्हणून छापण्याचा पर्याय आहे. लिनक्सवर मी कलर पानावर प्रिंटरला काही जोडलेले नाही हे पुन्हा पाहिले, अनकरेक्टेड ठेवले आणि तक्ता मोजपट्टीने तपासला, कारण पानात बसवण्यासाठी तो लहान-मोठा झाला तर उपकरणाला चौकटी सापडत नाहीत. तक्ता एक रात्र सुकू दिला, दुसऱ्या दिवशी उपकरण प्रत्येक ओळीवरून संथपणे सरकवले आणि आलेल्या मोजणीवरून प्रोफाइल बनवले. त्याच्या नावात कागद, दर्जा, ड्रायव्हर आणि महिना, सगळे लिहिले. हे नाव लांबलचक होते, पण सहा महिन्यांनी तेच उपयोगी पडते.

निळा जांभळा का होतो

रूपांतर एकदाच होत आहे, प्रोफाइलही योग्य आहे, आणि तरी झेंड्यांचा निळा जांभळट येतो, अशी अवस्था उरू शकते. पडद्यावरील गर्द निळा शाईला जसाच्या तसा छापता येत नाही. त्याला जवळच्या छापता येण्याजोग्या रंगाकडे ओढावे लागते आणि ते कसे ओढायचे हे रेंडरिंग इंटेंट ठरवते. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आवाक्यातील रंग अचूक ठेवते आणि आवाक्याबाहेरचे कडेला आणून सोडते. परसेप्च्युअल सर्वच रंग थोडे आवळते, म्हणून रंगांतील पायऱ्या टिकतात. फोटोशॉपची सवय रिलेटिव्हची, तीही ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (गडद छटा सांभाळणाऱ्या सोयीसह), असते. सिस्टिमबरोबर प्रोग्रामही बदलला की हे सेटिंग न कळत बदलू शकते, म्हणून ते जुन्यासारखे करून मगच तुलना करावी. माझ्या अनुभवात चेहऱ्यांना रिलेटिव्ह बरे पडते. झेंडे, नवरीचा गर्द शालू, मारबतीच्या मिरवणुकीचा भडक पिवळा यांना परसेप्च्युअल.

पडदा आणि उजेड

प्रिंट बरोबर आहे आणि पडदाच खोटे बोलतो आहे, हेही शक्य असते. नव्या सिस्टिमवर मॉनिटरचे जुने कॅलिब्रेशन (रंगांची जुळणी) राहत नाही. ते पुन्हा करावे आणि पांढरा रंग डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२, उजळपणा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर यांदरम्यान ठेवावा. प्रिंट काळपट येते ही सर्वांत सामान्य तक्रार खरे तर पडदा फार उजळ ठेवल्याची तक्रार असते. रात्री पडदा पिवळट करणारी सोय तिन्ही सिस्टिममध्ये आहे, मॅकवर शिवाय खोलीतील उजेडानुसार पडद्याचा रंग बदलणारे ट्रू टोन आहे. काम करताना या दोन्ही बंद असाव्यात.

प्रिंट पाहण्याचा उजेडही ठरलेला हवा. छपाईच्या जगात त्यासाठी डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात. तसा दिवा नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीजवळ, उन्हाची तिरीप टाळून पाहावे. दुकानातील पिवळ्या बल्बखाली पास केलेली प्रिंट ग्राहक दारात नेतो, तेव्हा काय होते ते मामांनी मला दाखवलेच आहे.

शेवटची प्रिंट सुकली की ड्रायव्हरची सेटिंग्ज नाव देऊन जतन करावीत, त्यांचे फोटो प्रोफाइलसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि सिस्टिमचे मोठे अपडेट आल्यावर पहिले ग्राहकी काम घेण्यापूर्वी चाचणी फाइल छापून जुन्या प्रिंटशेजारी धरावी. अपडेट कधी कधी कंपनीचा ड्रायव्हर बाजूला सारून सर्वसाधारण ड्रायव्हर परत आणते. माझ्या त्या चारही प्रिंट खणात आहेत, मागे पेन्सिलने लिहिलेल्या. नवरीच्या घरी हळदीचा संच पुन्हा छापून पाठवला, तेव्हा मामांनी एक प्रिंट नेहमीप्रमाणे दारात नेली, उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता पिशवीत ठेवली.